भंडारदऱ्याच्या फुगवट्याभोवती ग्रॅव्हल सायकल: रस्ता, मोसम, टायर, मुक्काम

दुसरा गिअर

ग्रॅव्हल सायकल (रोड बाइकसारखी, पण रुंद टायरची) घेतली की पहिला प्रश्न पडतो तो चालवायची कुठे याचा. नुसत्या गुळगुळीत डांबरावर रोड बाइक जास्त पळते, आणि खऱ्या डोंगरवाटांवर एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, पर्याय नाही. मधला जो रस्ता असतो, थोडं डांबर, थोडा मुरूम, मधेच खडीकरण होऊन वर्षभर तसंच पडलेलं, पुढे फरशीवरून (बुटक्या पुलावरून) वाहणारं पाणी, तो आपल्या सह्याद्रीत धरणांच्या फुगवट्याभोवती (बॅकवॉटरभोवती) हमखास मिळतो. पवना, मुळशी, कोयना, अप्पर वैतरणा सगळीकडे. त्यात माझा जीव भंडारदऱ्यावर आहे, म्हणून हा धागा. इतर तलावांबद्दलही जरूर लिहा.

मार्ग असा: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. गोल पुरा होतो तेव्हा मीटरवर ४०-४५ किमी दिसतात. घाटघरच्या कोकणकड्यापर्यंत आत गेलात किंवा गावांमधल्या आडवाटा धरल्यात तर जास्त. आकडा लहान दिसतो, पण दिवस पूर्ण लागतो. पाणी डोंगराच्या प्रत्येक घळीत शिरलेलं आहे आणि रस्ता त्या घळीच्या टोकापर्यंत जाऊन परत बाहेर येतो. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसत राहतं, पोचायला मात्र अर्धा तास जातो. घाट म्हणावा असा मोठा चढ रतनवाडी आणि साम्रदच्या दरम्यानच, पण बारीक चढउतार दिवसभर संपत नाहीत.

रस्ता कागदावर डांबरी आहे. प्रत्यक्षात दर पावसाळ्यानंतर त्याची अवस्था बदलते, कारण घाटघर हा अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातला सगळ्यांत जास्त पावसाचा भाग. डोंगरावरून उतरणारं पाणी जागोजाग रस्ता ओलांडून तलावात जातं. जिथे मोरी तुंबते तिथे डांबराची कड आधी खचते, मग मधला भाग सुटतो, आणि खालची खडी उघडी पडते. दोन वर्षांपूर्वीचा ट्रॅक बघून अंदाज बांधू नका.

बघायचं काय हे वेगळं सांगायला नको. एका बाजूला कळसूबाईची रांग (१६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर), पुढे अलंग, मदन, कुलंग, आणि पाण्यापलीकडे रतनगड, त्याचा खुटा (सुळका) आणि नेढं (कड्यातलं आरपार भोक). सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता आणि दुपारनंतर पूर्वेला परतता, त्यामुळे दोन्ही वेळा ऊन पाठीवर असतं आणि समोरचा डोंगर उजळलेला. फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

माझा सेटअप: ४० मिमी टायर, ट्यूबलेस. अंगाचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआय पुरते. गिअरचं पुढचं चक्र ४० दातांचं, मागचं सगळ्यांत मोठं ४२ दातांचं.

---

घाटमाथा

छान धागा. एक शंका. तुम्हीच म्हणता रस्ता कागदावर डांबरी आहे, मग ग्रॅव्हल सायकलच कशाला? माझ्याकडे ३५ मिमी टायरची साधी हायब्रिड आहे. तिच्यावर जमेल का?

---

दुसरा गिअर

@घाटमाथा, जमेल, नक्की जमेल. फरक दोन ठिकाणी जाणवेल. पहिला फरक उतारावरच्या मोकळ्या खडीत. रस्त्याच्या कामासाठी ४० मिमीची खडी पसरून ठेवलेली असते आणि रोलर फिरलेला नसतो. त्यात पुढचं चाक शिरलं की हँडल हातातून सुटू पाहतं. घट्ट धरलंत तर जास्त बिनसतं. खडी सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करायचा, एक जड गिअर टाकायचा, बूड सीटवर किंचित मागे न्यायचं, कोपर सैल सोडायचे आणि पायडल फिरवत राहायचं. पुढचा ब्रेक खडीत अजिबात नाही. चाक बोटभर इकडेतिकडे सरकतं, त्याला सरकू द्यायचं. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता खडी जिथे संपते तिथे ठेवायची. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते म्हणून हे सगळं सोपं जातं. ३५ मिमीच्या टायरमध्ये हवा कमी ठेवली तर ट्यूब दगड आणि रिममध्ये चिमटून पंक्चर होते.

दुसरा फरक ब्रेकचा. डिस्क असेल तर प्रश्नच नाही. रिम ब्रेक असतील तर पॅड नवे घाला, ओल्या मुरमात जुने पॅड बघताबघता झिजतात.

---

प्रवराकाठचा

मी अकोले तालुक्यातलाच. आमच्या भागावर इतक्या आपुलकीने लिहिलंत, बरं वाटलं. काही गोष्टी इथल्या माणसाच्या नजरेतून सांगतो.

मोसम आधी. पावसाळा उघडला की लगेच शहरातली मंडळी येतात. तेव्हाच, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, आमची भाताची सोंगणी (कापणी) चालू असते. भारे डोक्यावर घेऊन बाया रस्त्याच्या कडेने चालतात, बैलगाडी आणि ट्रॅक्टर वळणावर उभे असतात, कुठे रस्त्यालगतच खळं असतं. सायकलला आवाज नसतो. मागून आलेली सायकल डोक्यावर भारा असलेल्या माणसाला कळत नाही, आणि तो अचानक वळला तर दोघंही पडतात. घंटी लावा, लांबूनच वाजवा, आणि जवळ आल्यावर तोंडाने आवाज द्या. "मावशी, डावीकडून येतोय" एवढं पुरतं.

पाणी सोबत भरून आणा. तुम्हाला डोळ्यांसमोर एवढा मोठा तलाव दिसतो, पण ते पाणी आमच्या वरच्या वाड्यांचं नाही. धरणाचं काम १९१० ला सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं, क्षमता ११ टीएमसी, आणि पाणी खाली प्रवरेने संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला जातं. वरच्या गावांत एप्रिल-मे मध्ये बाया हंडे घेऊन लांब जातात. हातपंपावर थांबून बाटली भरली तर कोणी काही म्हणणार नाही. पण चिखलाची सायकल हातपंपाखाली धुणारे पाहिलेत, त्याचा मात्र फार राग येतो.

आणि एक. पाटीवर विल्सन डॅम, आर्थर लेक वाचता. लेस्ली विल्सन तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर. त्यासोबत हेही माहीत असू द्या की हा मुलूख राघोजी भांगरे यांचा. अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले, इंग्रजांविरुद्ध बंड केलं, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. सायकल चालवताना ज्या डोंगरांकडे बघता, त्यांच्याच आडोशाने ती माणसं लढली.

---

सायकलवेडी

प्रवराकाठचे दादा, सोंगणीचं सांगितलंत ते फार बरं केलंत, माझ्या डोक्यात हे आलंच नसतं.

बायकांसाठी थोडं लिहिते, कारण हे कोणी विचारत नाही आणि सगळ्यांना हवं असतं. मी आणि मैत्रीण दोघीच गेलो होतो. रस्त्यावर कुठेही भीती वाटली नाही. रतनवाडीत घरगुती जेवण आणि राहायची सोय होते, घरातल्या बाईशी बोललं की आंघोळीचं, स्वच्छतागृहाचं सगळं मोकळेपणाने होतं. पांजरे ते साम्रद या पट्ट्यात मात्र आडोसा शोधावा लागतो, ते धरून चला. जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी, पिठलं, ठेचा. डोंगरात दिवसभर पायडल मारल्यावर नागलीची भाकरी जशी अंगी लागते तसं कुठलंही एनर्जी जेल लागत नाही.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर घाईत उरकू नका. शिलाहारांच्या काळचं मानतात. भिंतींवरचं कोरीवकाम बारकाईने बघण्यासारखं आहे, आणि बाजूच्या पुष्करणीत कडेने कोनाडे आहेत, त्यात मूर्ती आहेत. सायकलचे बूट काढून अनवाणी त्या दगडावर उभं राहिलं की दमलेल्या तळव्यांना जो गारवा मिळतो!

दिशेबद्दल माझं मत वेगळं आहे. मी म्हणेन आधी मुतखेल-रतनवाडीची बाजू घ्या. साम्रदचा चढ सकाळच्या गारव्यात होतो. दुसरा गिअर म्हणतात तसं उलट गेलात तर रतनवाडीला दुपारी पोचता, तेव्हा मंदिराशी गाड्यांची गर्दी असते.

---

दुसरा गिअर

@सायकलवेडी, चढाचं आणि गर्दीचं पटतं. माझं कारण वेगळं आहे. आपण डावीकडून चालतो. मुरशेतकडून निघालं तर तलाव सबंध दिवस डाव्या हाताला राहतो, म्हणजे पाण्याच्या बाजूची कड आपली. थांबायला, बघायला रस्ता ओलांडावा लागत नाही. शनिवार-रविवारी गाड्या वाढतात, वळणं आंधळी आहेत, अशा वेळी हे मला महत्त्वाचं वाटतं. आठवड्याच्या मधल्या वारी जाणार असाल तर तुमची दिशा घ्यावी.

---

जांभा

साताऱ्याहून लिहितोय. इतर तलावांबद्दल विचारलंत म्हणून शिवसागरचं सांगतो.

सातारा, कास, बामणोली, मग लाँचने तापोळा, आणि तिथून वर महाबळेश्वर. कोयनेचा हा फुगवटा लांबलचक आहे. त्याला पूर्ण वळसा घालणारा सलग रस्ता नाही, म्हणून पाणी ओलांडावंच लागतं. लाँचवर सायकल आडवी ठेवतात, तेव्हा मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला राहील हे स्वतः बघा. आमच्या एकाची सायकल उलट ठेवली गेली, हँगर (डिरेल्युअर ज्यावर बसतो ती पट्टी) वाकला, आणि तापोळ्यात उतरल्यावर त्याला महाबळेश्वरचा चढ एका गिअरवर चढायची वेळ आली. तेव्हापासून आम्ही जास्तीचा हँगर पिशवीत ठेवतो. वजन काहीच नाही.

जमिनीचा फरक सायकलवाल्याने समजून घ्यावा. भंडारदऱ्याला काळा बसाल्ट. त्याचा मुरूम टोकदार, वाळल्यावर चांगली पकड देतो, टायरच्या बगला मात्र कापतो. कासच्या माथ्यावर जांभा. उन्हाळ्यात तो सायकलीला उत्तम, पण पावसात त्याच्यावर शेवाळ धरतं आणि डांबरापेक्षाही निसरडं होतं. काठाची लाल माती ओली असेल तर फ्रेम आणि टायरच्या मधल्या फटीत भरते आणि चाक फिरेनासं होतं. फट कमी असलेली सायकल असेल तर तिथे टायर बारीक घाला.

कास पठार, म्हणजे फुलांचा भाग, सायकलने तुडवायचा नाही. पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात ते आहे. पठाराला कुंपण आहे की नाही हा मुद्दाच नाही. तिथे रस्ता सोडून एक चाकही खाली उतरवू नका. वासोट्याच्या बाजूचं जंगल व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे तर सायकलचा प्रश्नच येत नाही.

---

मुठेकाठी

पुणेकरांसाठी मुळशी. ताम्हिणीचा मुख्य रस्ता आता गाड्यांनी भरलेला असतो, तिथे सायकलला मजा नाही. निवे, भांबर्डे, तैलबैला करत लोणावळ्याकडे जाणारी बाजू शांत आहे, आणि ग्रॅव्हल टायरचं चीज तिथेच होतं. मुळशीचं पाणी बघताना मला कायम खाली गेलेली गावं आठवतात. सेनापती बापटांनी १९२१ ते २४ तिथे सत्याग्रह केला, धरण तरी झालंच.

पवना सोपं आहे, तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर चारही किल्ले दिसतात, पण काठाने तंबूंची इतकी दाटी झालीय की मी आता मधल्या वारीच जातो.

---

टपोरा

भंडारदऱ्याला मे महिन्यात पाणी बरंच खाली जातं ना? तेव्हा काठाचा तो उघडा पडलेला मातीचा पट्टा सायकलला मस्त असेल. कोणी पूर्ण तलाव खालून, पाण्याच्या कडेकडेने केलाय का? ट्रॅक असेल तर टाका.

---

प्रवराकाठचा

टपोरा, नका करू. वरचा थर वाळून तडकलेला दिसतो, त्याखाली गाळ ओला असतो. गुरं सुद्धा त्यात रुततात. सायकल घेऊन माणूस मांडीपर्यंत गेला तर तिथे ओढून काढायला कोण येणार? शिवाय पाणी ओसरलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. बांध नसतो, कुंपण नसतं, कोंब दोन बोटांचे असतात. लांबून येणाऱ्याला तिथे शेत आहे हेच कळत नाही. एक जण गेला की चाकाची रेघ पडते, आणि तुम्ही म्हणताय तसा ट्रॅक नेटवर गेला की पन्नास जण येतात.

---

दुसरा गिअर

पूर्ण सहमत. या धाग्यावर काठाच्या पट्ट्याचा ट्रॅक कोणीही टाकू नये ही कळकळीची विनंती.

अजून एक, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्या आणि ती जपून ठेवा. गाडीरस्ता आणि गावांमधले रस्ते आपले. रतनगडाच्या पायवाटा, साम्रदची सांदण दरी, शेकरूंचं दाट रान, इथे सायकल बाजूला लावायची आणि पायी जायचं. मला स्वतःला ही मर्यादा आवडते. ग्रॅव्हल सायकलचं सुख गावातून गावात जाण्यात आहे. अंगणातून कोणी तरी "कुठून आलात?" विचारतं, थांबलं की ताक येतं, पुढच्या फरशीवर पाणी आहे की नाही ते कळतं. ही माहिती कुठल्याच ॲपवर नाही.

---

सायकलवेडी

काजव्यांचा विषय निघायलाच हवा. मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत याच गोलावर काजवे असतात. सादडा, बेहडा, हिरडा, जांभळीची झाडंच्या झाडं उजळतात. ते बघायला रात्री सायकलने फिरायची कल्पना सुंदर वाटते, पण तेव्हा रस्त्यावर गाड्यांची रांग असते आणि आपले हजार ल्युमेनचे दिवे काजव्यांच्या मुळावर येतात. तो उजेड त्यांचे इशारे बुडवतो, नर-मादीला एकमेकांचा पत्ता लागत नाही. दिवसा सायकल चालवा, संध्याकाळी गावात मुक्काम करा, आणि अंधार पडल्यावर ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्यासोबत दिवा न लावता घराजवळच्या झाडाखाली चालत जा. मी तसंच पाहिलं. घरच्या आजींनी हात धरून नेलं, आणि दोन पावलांवर सबंध बेहडा एका दमात पेटत होता, विझत होता.

---

घाटमाथा

आता जायचं कसं तेही सांगा. मुंबईहून ट्रेनने सायकल नेता येईल का? आणि घाटघरला ते वीजकेंद्र आहे, त्या बाजूने खाली कोकणात सायकल उतरते का?

---

दुसरा गिअर

इगतपुरी किंवा घोटीपर्यंत यायचं, तिथून शेंडी घोटी-कोल्हार रस्त्याने साधारण ३५ किमी. वाटेत बारी लागतं, कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकल पार्सल म्हणून आदल्या दिवशी बुक करावी. कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन पुढे घाट सायकलने चढणारेही आहेत, पण मुंबई-नाशिक हायवेवरचे ट्रक बघता मी तो सल्ला देणार नाही. कसाऱ्याहून जीप करा, टपावर सायकली बांधतात. बांधताना फ्रेमखाली जुनी ट्यूब घाला.

घाटघर प्रकल्प २५० मेगावॉटचा. रात्री जेव्हा विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी वर चढवतात, आणि मागणी वाढली की तेच पाणी परत खाली सोडून वीज करतात. वरचं धरण घाटघरला, खालचं चोंढ्याला, शहापूर तालुक्यात. दोन्हींच्या मधला कडा म्हणजे सरळ तुटलेली भिंत. चोंढ्याची वाट पायवाट आहे, ती जाणत्यांबरोबर चालत उतरायची. सायकल खांद्यावर घेऊन तिथे उतरू नका.

सायकल वर ठेवून कड्यावर मात्र अवश्य जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी लवकर पोचलात तर खाली धुकं आणि वर स्वच्छ आकाश असं सापडतं.

---

मुठेकाठी

सीलंटचं, म्हणजे ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणाऱ्या द्रवाचं, राहिलं. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आपल्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. निघायच्या आठवड्यात टायर हलवून ऐका, आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायला हवा. तिथे करवंद आणि बाभळीचे काटे आहेत. काटा दिसला की लगेच उपटायचा मोह होतो. चाक फिरवून काट्याची बाजू खाली आणा, सीलंट तिथे जमू द्या, मग काढा. आणि एक साधी ट्यूब जवळ असूच द्या, राजूरपर्यंत सायकलचं सामान मिळेल याची खात्री नाही.

---

जांभा

राजूरचा पेढा विसरलात का सगळे? परतीला वाट वाकडी करून या. रंधा धबधबा त्याच रस्त्यावर आहे.

---

टपोरा

काठाचा बेत रद्द. @प्रवराकाठचा, तुमचं पटलं. डिसेंबरमध्ये रस्त्यानेच गोल करायचा ठरवतोय, मधल्या वारी, आम्ही मित्र मिळून. जेवायची सोय घाटघरला होईल की साम्रदला?

---

प्रवराकाठचा

दोन्हीकडे होते, पण आयत्या वेळी नाही. मधल्या वारी घरात घरच्यापुरतंच असतं. शेंडीतून निघतानाच फोन करून सांगा, उडदावण्याच्या पुढे रेंज जाते-येते. नागलीच्या भाकरी थापायला वेळ लागतो म्हणून माणसं नेमकी सांगा आणि सांगितली तेवढी पोचा. काळभात मिळतोय का तेही विचारा, तो अजून काही घरांत पिकतो आणि वास घरभर सुटतो. तुमची तारीख पक्की झाली की इथेच लिहा, रस्त्याचं काम कुठे चालू आहे ते त्या आठवड्यात बघून सांगतो. मुतखेलच्या बाजूला खडीचे ढीग येऊन पडलेत, रोलर अजून आलेला नाही.